माळरानाची साक्ष

मृग आणि आर्द्रा हीं दोन नक्षत्रें बरसून गेलीं कीं पुण्यांतील सुशिक्षित घरांत एक नवें व्रत सुरू होतें. रविवारीं सकाळीं मंडळी मुलांबाळांसह एखाद्या टेकडीवर जातात, आधींच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत एकेक रोप लावतात, त्याच्यापाशीं उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि कांहीं सत्कृत्य हातून घडल्याच्या समाधानानें घरीं परततात. वाटेवर एखादी पाटी असते व तिजवर तुकोबांचा वृक्षवल्लींविषयींचा सुप्रसिद्ध अभंग असतो. आम्हीं स्वतः हें व्रत कित्येक वर्षें पाळलें आहे. तेव्हां त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या एका उतारावर आम्हीं पूर्वीं रोपें लावलीं होतीं, तेथें परवां पुन्हा जाण्याचा योग आला आणि आमच्या समाधानास थोडा तडा गेला.

पूर्वीं त्या उतारावर गुडघ्याएवढें गवत असे. कार्तिकांत तें पिवळें पडून वाऱ्यावर हाले आणि त्याचीं कुसळें कपड्यांस चिकटत. त्या गवतांतून चंडोल सरळ वर उडे आणि आकाशांत गात राही. आतां तेथें उंदीरमारीची दाट सावली आहे. सावलीखालीं गवत नाहीं, आणि गवत नाहीं म्हणून चंडोलही नाहीं. मध्य अमेरिकेंतून आलेलें हें झाड गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या टेकड्यांवर फार मोठ्या प्रमाणावर लावण्यांत आलें. तें लवकर वाढतें, गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि दुरून पाहणाऱ्यास टेकडी हिरवी दिसते. प्रश्न एवढाच कीं, आम्हीं जेथें झाडें लावलीं तेथें आधीं कांहींच नव्हतें काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार वनस्पतिशास्त्रज्ञांचा, साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु २०२५ सालीं ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकांत आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यानें आमची ही समजूत बदलली. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर पूर्वीं कोणत्या प्रकारची भूमि होती हें ठरविण्यासाठीं या उभयतांनीं जुन्या मराठी वाङ्मयास साक्षीस बोलाविलें. सुमारें साडेसातशें वर्षांच्या अवधींतील काव्यें, कथा व लोकगीतें त्यांनीं वनस्पतींच्या उल्लेखांसाठीं चाळलीं. त्यांत रानांत आपोआप वाढणाऱ्या ४४ जातींचे उल्लेख त्यांस आढळले, आणि त्यांपैकीं २७ जाति विरळ झाडांच्या तृणभूमीच्या, म्हणजे ज्यास आपण माळरान म्हणतों त्याच्या, निघाल्या. दाट वनांतील म्हणतां येतील अशा जातींचा वांटा पुष्कळच थोडा होता. निष्कर्ष असा कीं, माळरान हें कोणी अलीकडे तोडून टाकलेल्या अरण्याचें उरलेलें हाडूक नसून तें निदान संतांच्या काळापासून माळरानच आहे.

हा निष्कर्ष लहान नाहीं. मानव्यविद्या, म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, लोककथा यांचा अभ्यास, आजच्या पर्यावरणाच्या संकटांत काय कामाची, असें जेव्हां विचारलें जातें तेव्हां ‘निसर्गाविषयीं प्रेम निर्माण करण्यास उपयोगी’ असें मोघम उत्तर देण्याची आपल्याकडे रीति आहे. जणू शास्त्रज्ञांनीं सत्य सांगावें आणि साहित्यिकांनीं त्याला चाल लावावी! प्रेमाचा तुटवडा टेकडीवर रोपें घेऊन जाणाऱ्या मंडळींत मुळींच नाहीं. तुटवडा आहे तो माहितीचा, आणि त्याहून अधिक शब्दांच्या अर्थाचा. तो भरून काढणें हें साहित्याच्या अभ्यासकाचें खास काम आहे, असें आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम माळरान म्हणजे काय तें पाहूं. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडे आलें कीं पाऊस झपाट्यानें ओसरतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलीमीटरांहून अधिक पडणारा पाऊस पुण्यास सातशेंच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापूरकडे पांचशेंच्या घरांत उतरतो. खालीं काळा कातळ, त्यावर कोठें वीतभर तर कोठें बोटभर माती. अशा भूमीवर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखीं गवतें आणि त्यांच्यामधून दूरदूर उभे असलेले हिवर, खैर, बोर, बाभूळ व तरटी एवढाच संसार मांडतां येतो. परंतु या संसारांतील माणसें थोडीं नव्हेत. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक, तणमोर हे सर्व येथलेच रहिवासी. दाट झाडींत नेऊन सोडल्यास ते जगणार नाहींत. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य करण्यांत आलें, तरी तो पक्षी महाराष्ट्रांतून आज जवळजवळ नाहींसा झाला आहे. बारामती तालुक्यांत सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीं आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास!

एवढी जिवंत भूमि सरकारी कागदावर मात्र पुष्कळदां ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असते. इंग्रजी अमदानींतील महसुलाच्या दृष्टीनें जी जमीन नांगराखालीं नाहीं व जिच्यापासून सारा येत नाहीं ती वायां गेलेली. राज्य गेलें, पण शब्द राहिला. जमीन पडीक म्हटली कीं तिचा उद्धार करणें हें पुण्यकर्म ठरतें. मग कोणी तेथें कारखाना काढतो, कोणी कालव्याचें पाणी आणून ऊंस लावतो, कोणी सौर विजेचे तक्ते मांडतो, आणि ज्यांना यांतील कांहींच करावयाचें नाहीं असे सज्जन तेथें झाडें लावतात. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्र सरकारनें वृक्षलागवडीची जी मोहीम चालविली तींत शेवटच्या एका वर्षाचें उद्दिष्टच ३३ कोटींचें होतें. इतक्या रोपांना जागा हवी, आणि जागा म्हटली कीं पहिली दृष्टि माळावर जाते.

झाडें लावणाऱ्यांच्या मनांत एक इतिहासही असतो. तो असा: पूर्वीं हा सारा देश दंडकारण्य होता, घनदाट झाडीनें झांकलेला होता, पुढें लोकसंख्या वाढली, कुऱ्हाड आली, शेळ्यामेंढ्या आल्या, आणि अरण्याचा माळ झाला, तेव्हां माळावर झाडें लावणें म्हणजे जुनें ऋण फेडणें होय. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा इतिहास पुष्कळ अंशीं खरा आहे. पूर्वेकडील पठाराविषयीं तो खरा मानण्यास आधार कोणता? आधार बहुतांशीं एका शब्दाचा, ‘अरण्य’ या शब्दाचा.

येथें शब्दांचा अर्थ पाहणाऱ्याचें काम लागतें. वेदवाङ्मयांत ‘ग्राम’ आणि ‘अरण्य’ अशी जोडी आहे. अरण्य म्हणजे जें गांव नव्हे तें, परकें, वस्तीबाहेरचें रान. त्यांत झाडें दाट असलींच पाहिजेत असा त्या शब्दाचा आग्रह नाहीं. ‘जंगल’ या शब्दाची कथा याहून मौजेची आहे. आपण आज जंगल म्हणतों तेव्हां डोळ्यांपुढें सूर्यकिरण शिरणार नाहीं अशी झाडी येते. परंतु ज्या ‘जांगल’ शब्दापासून तो आला त्याचा अर्थ चरक व सुश्रुत यांच्या संहितांत जवळजवळ उलट आहे. वैद्यकानें देशाचे तीन प्रकार केले: अनूप म्हणजे पाणथळ, जांगल म्हणजे कोरडा व मोकळा, आणि साधारण म्हणजे दोहोंच्या मधला. जांगल देशांत आकाश मोकळें, पाणी थोडें, वारा कोरडा, खैर-बोरींसारखीं झाडें आणि हरिणांचे कळप. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच पंडितानें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या शब्दाचा हा सारा प्रवास उलगडून दाखविला आहे. जांगल देश म्हणजे पुष्कळ अंशीं आपलें माळरानच कीं!

आणि या देशाची त्या काळीं नालस्ती होती काय? मुळींच नाहीं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें जांगल देशांत वस्ती करावी असें सांगितलें आहे, आणि दुसऱ्या अध्यायांत कृष्णसार मृग जेथें स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञास योग्य मानला आहे. कृष्णसार म्हणजे काळवीट. आणि काळवीट हा मोकळ्या गवताचा प्राणी. त्या स्मृतीच्या आज्ञा प्रमाण मानाव्या असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. १९२७ सालच्या महाडच्या प्रसंगानंतर तसें कोणी सुचवूंही नये. परंतु आज्ञा त्याज्य असली तरी तींतील शब्द साक्ष देऊं शकतो. साक्ष अशी कीं, ज्या भूमीस आपण ओसाड म्हणतों तिला आपले पूर्वज राहण्यास उत्तम भूमि म्हणत होते. एका शब्दाचा अर्थ मध्येंच कोठें उलटला आणि आपण नव्या अर्थाचा चष्मा घालून जुना देश पाहूं लागलों.

आतां मराठी वाङ्मयाकडे वळूं. त्याची साक्ष घ्यावयाची तर कोर्टांत साक्षीदार तपासतात तशी ती तपासून घेतली पाहिजे. कवि जें जें झाड सांगतो तें तें त्यानें पाहिलेलें असतें असें नाहीं. महाकाव्यांत नगर, सागर, पर्वत, ऋतु यांचीं वर्णनें असावीं असा दंडीसारख्या साहित्यशास्त्रकारांचा दंडकच आहे. आणि आमच्या आख्यानकवींनीं तो इमानानें पाळला. त्यामुळें भीमेच्या नाहींतर गोदेच्या कांठीं बसलेल्या कवीच्या वनांतही चंदन, बकुल, अशोक, चंपक हे एकाच ओळींत उभे राहतात. हीं झाडें मातींत उगवलेलीं नसून संस्कृत ग्रंथांत उगवलेलीं आहेत. दंडकारण्य दाट होतें असें अशा वर्णनांवरून सिद्ध करूं जाणें म्हणजे नाटकाच्या पडद्यावरून गांवाचा नकाशा काढण्यासारखें आहे.

मग विश्वासार्ह कोणतें? आमच्या मतें कसोटी सोपी आहे. ज्या झाडाचें नांव घेतल्यानें कवीच्या काव्यास कांहीं शोभा येत नाहीं, तें झाड बहुधा त्यानें पाहिलेलें असतें. कान्होपात्रेची कथा घ्या. मंगळवेढ्याची ही संत स्त्री बेदरच्या बादशहाच्या हातीं जाण्यापेक्षां विठ्ठलाच्या चरणीं देह ठेवते, आणि देवळाच्या आवारांत जेथें तिला पुरलें तेथें एक झाड उगवतें अशी परंपरा आहे. महिपतीनें १७६२ सालच्या ‘भक्तविजया’ंत संतांच्या कथा गोळा केल्या, त्यांत तीही आहे. हें झाड तुळस नव्हे, चंदन नव्हे, पारिजातक नव्हे. तें आहे तरटी! कांटेरी, खुरटें, कोरड्या माळावरचें झुडूप. भक्तिरसाच्या ऐन भरांत कोणी कवि मुद्दाम तरटी निवडणार नाहीं. ती तेथें आहे याचें कारण एकच दिसतें: पंढरपूरच्या त्या भूमींत तरटीच उगवत होती आणि लोकांच्या स्मरणांत तीच राहिली. शोभेसाठीं आलेल्या शंभर बकुळींपेक्षां अशी एक तरटी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

याच कसोटीस उतरणारें दुसरें वाङ्मय म्हणजे महानुभावांचें गद्य. तेराव्या शतकांत म्हाइंभटानें संकलित केलेलें ‘लीळाचरित्र’ आणि त्याच पंथाची ‘स्थानपोथी’ यांत स्वामी कोठें बसले, कोणत्या वाटेनें गेले, हें अशा चोख साधेपणानें सांगितलें आहे कीं त्यांत अलंकाराला जागाच नाहीं. मात्र त्यांतील बराच भाग गोदातीर व वऱ्हाड यांकडचा आहे, हें पुण्याच्या पठाराविषयीं बोलतांना विसरतां येत नाहीं.

तिसरें वाङ्मय स्त्रियांचें. जात्यावर बसलेल्या बाईला महाकाव्याचे नियम ठाऊक नसतात. तिला माहेरची वाट ठाऊक असते आणि त्या वाटेवरची बाभळ व बोर ठाऊक असते. साने गुरुजींनीं अशा ओंव्यांचा मोठा संग्रह १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ या नांवानें प्रसिद्ध केला. पुढें पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनीं खेडोपाडीं सहकाऱ्यांसह हिंडून लाखाहून अधिक ओंव्या जमविल्या. हा सांठा आजवर नात्यागोत्यांच्या व स्त्रीदुःखाच्या अभ्यासासाठीं वापरला गेला, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच ओंव्यांत गांवोगांवच्या रानाची एक मोजदादही नकळत होऊन बसली आहे, इकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें.

गांवांचीं नांवें तर आपण रोज घेतों आणि ऐकत नाहीं. पिंपरी, चिंचवड, वडगांव हीं नांवें वस्तीपाशीं राखलेल्या वड-पिंपळ-चिंचांचीं. परंतु पुरंदरांत हिवरें आहे, इंदापुरांत बाभूळगांव आणि पळसदेव आहेत, आणि बोरी तर ठिकठिकाणीं आहेत. गांव वसवितांना ज्या झाडावरून नांव ठेविलें तें झाड तेथें डोळ्यांत भरण्यासारखें असलें पाहिजे. हिवर आणि बाभूळ डोळ्यांत भरतात तीं मोकळ्या माळावर. दाट झाडींत त्यांस कोणी विचारीत नाहीं.

अशा रीतीनें कागदाची साक्ष घेऊन निसर्गाचा इतिहास लिहिणें हें कांहीं जगावेगळें नाहीं. जपानांत क्योतो येथील दरबारी लोकांच्या रोजनिशींत चेरीचा बहर कोणत्या दिवशीं आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. फुलें पाहण्याच्या मेजवान्यांसाठीं लिहिलेल्या त्या ओळींवरून आज तेथील शास्त्रज्ञ हजार वर्षांच्या उष्णतामानाचा हिशेब मांडतात, आणि अलीकडे बहर किती लवकर येऊं लागला आहे तें दाखवितात. त्या रोजनिशी वाचणारा विद्वान नसता तर तो हिशेब मांडतां आला नसता.

आतां त्या पाटीवरील अभंगाकडे येऊं. वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभांत तुकोबांस साक्षीस उभें करण्याची चाल पडली आहे. परंतु तो अभंग शांतपणें वाचला तर त्यांत झाड लावण्याचा उपदेश कोठेंच नाहीं, असें दिसेल. त्यांत एकांताचें सुख आहे. आकाशाचा मंडप आणि पृथ्वीचें आसन पुरेसें मानणारें वैराग्य आहे. आणि झाडें, वेली व रानांतील प्राणी यांस सोयरे म्हणणारी आत्मीयता आहे. सोयरे म्हटले म्हणजे जे आहेत ते. आपल्या हौसेनें आणून बसविलेले नव्हेत. देहूजवळच्या भामचंद्र व भंडारा या डोंगरांवर तुकोबा जाऊन बसत; तेथें जें होतें तें त्यांनीं सोयरें मानलें, तें उणें आहे असें म्हटलें नाहीं. त्या अभंगाची खरी शिकवण पाळावयाची तर टेकडीवर खड्डा खणण्यापूर्वीं तेथील गवतास, त्यांतील चंडोलास व सशास विचारलें पाहिजे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चेंही असेंच होतें. आंबे-फणसांसारखीं झाडें रयतेच्या खुशीवांचून तोडूं नयेत हा त्यांतील मजकूर वृक्षप्रेमाचा सनातन पुरावा म्हणून ठिकठिकाणीं छापला जातो. पण तो मजकूर आरमाराच्या प्रकरणांत आहे. गलबतांसाठीं लांकूड हवें. तें कोठून आणावें व कोठून आणूं नये, कारण रयतेनें लेंकरासारखीं वाढविलेलीं झाडें तोडलीं तर तिच्या दुःखास पार राहणार नाहीं, असा तेथें विचार आहे. म्हणजे त्या आज्ञेच्या पोटांत झाडाइतकीच, किंबहुना झाडाहून अधिक, माणसाची कणव आहे. ती सोडून नुसतें झाड उचलल्यास वाक्य राहतें आणि अर्थ जातो. मराठ्यांच्या राज्याचें दुसरें बळ घोडदळ, आणि घोडदळाचें बळ गवत; म्हणून त्या काळीं कुरणें राखलीं जात. आंब्याची आज्ञा पाठ करणाऱ्या आम्हांस कुरणाची आठवण राहिली नाहीं, हें आमच्या इतिहासवाचनाचें वैगुण्य आहे.

माळाचा इतिहास ज्यांच्या कंठांत सर्वांत पूर्णपणें वसला आहे ते लोक मात्र या चर्चेंत बहुधा बोलावलेच जात नाहींत. ते म्हणजे धनगर. बिरोबा, धुळोबा, वीरचा म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा हे त्यांचे देव. आणि खंडोबाची धाकटी राणी बाणाई ही धनगराचीच लेक. त्यांच्या लांबलचक ओंव्यांत मेंढरांच्या वाटा, पाणवठे, चराऊ रानें आणि दुष्काळ यांचें जें वर्णन आहे तें माळावर आयुष्य काढणाऱ्याचें आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें पुण्यांत राहून आणि धनगरांबरोबर हिंडून या परंपरेचा अभ्यास केला. १९९२ सालीं त्याचें निधन झाल्यावर अॅन फेल्डहाऊस यांनीं त्यानें ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा व धुळोबा यांच्या कथा २०१४ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. आमच्याच शेजारचा हा ठेवा परक्यांनीं जपावा याचा विषाद वाटतो. शेळ्यामेंढ्यांनीं अरण्य खाल्लें आणि माळ उरला, ही कथा जर खोटी असेल तर शेंकडों वर्षांचा एक आरोप या लोकांच्या माथ्यावरून उतरतो. प्रश्न गवताचा असला तरी न्याय माणसांचाही आहे, तो असा.

येथवर आम्हीं नेर्लेकर-पाटील यांच्या निबंधाची दिशा उचलून धरली. पण गुणग्रहण म्हणजे डोळे मिटणें नव्हे. तेव्हां अशा संशोधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, नांवांची. एकाच झाडास दोन तालुक्यांत दोन नांवें असतात, आणि एकच नांव दोन झाडांस असतें. तेराव्या शतकांतील शब्द आजच्या कोणत्या जातीस लावावा हें कोशकारास व वैदूस एकत्र बसविल्याशिवाय ठरणार नाहीं. दुसरी, काळाची. ओंवी कधीं रचली गेली हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि संतचरित्रांत वर्णिलेला काळ व लिहिणाऱ्याचा काळ यांत पुष्कळदां शतकांचें अंतर असतें. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, मौनाची. कवि ज्या वाटेनें गेला तेथलेंच तो सांगतो. ज्या दरींत तो उतरला नाहीं तेथें दाट झाडी असूंही शकेल. शिवाय कांटा टोंचलेला माणूस बाभळ विसरत नाहीं, निरुपद्रवी झाडें मात्र विसरतो. म्हणून नांवें मोजणें म्हणजे झाडें मोजणें नव्हे. स्वतः शोधकांनींही वाङ्मयाची साक्ष एकटी सोडलेली नाहीं. जुनीं चित्रें, महसुली कागद, मातींत सांपडणारे प्राचीन परागकण यांच्याशीं तिचा मेळ पाहिला आहे. साहित्याच्या साक्षीनें शास्त्र बाजूस सारावें असें येथें कोणाचेंच म्हणणें नाहीं. दोन साक्षीदार एकमेकांस न भेटतां एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे ती गोष्ट मानावी लागते, एवढाच याचा न्याय आहे.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. ‘माळ हा माळच होता, असें तुम्ही म्हणूं लागलां तर टेकडी फोडून रस्ता काढणाऱ्याचें व इमारती बांधणाऱ्याचें फावेल, तो म्हणेल, येथें अरण्य कधींच नव्हतें, मग बिघडतें काय?’ ही भीति खोटी नाहीं. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या रस्त्याचा वाद पुणेकरांस सांगावयास नको. परंतु आमचें म्हणणें नीट घेतल्यास तें अशा माणसाच्या कामीं येत नाहीं. टेकडीचें मोल तिच्यावर झाडें किती यावरून ठरवूं नये, हेंच तर आमचें म्हणणें आहे. जो तिचें मोल झाडांवरून ठरवितो तोच झाड तोडून दुसरीकडे दहा लावण्याचा सौदा मान्य करतो. कारण त्याच्या हिशेबीं झाड कोठेंही झाडच. गवताचा असा सौदा होत नाहीं. शेंकडों वर्षें जमलेली ती वस्ती एकदां उखडली कीं पुन्हा मांडतां येत नाहीं. त्याचप्रमाणें घाटमाथ्यावरील देवराया ही निराळी भूमि आहे. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनीं पुण्याभोंवतींच्या टेकड्यांवर व देवस्थानांभोंवतीं पायपीट करून लोकांच्या देवतांत प्राचीन इतिहास शोधला, आणि माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत देवरायांचा अभ्यास करून, देवाच्या भयानें राखलेल्या त्या झाडींत दुर्मिळ वनस्पति कशा टिकल्या तें दाखविलें. तेथें झाडी राखणें हाच धर्म. माळावर माळ राखणें हाच धर्म. प्रत्येक भूमीस तिचें स्वतःचें रूप आहे, आणि तें ओळखण्यासाठीं जशी कुदळ व सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें तशी पोथीही लागते.

यावरून मानव्यविद्यांचें काम कोणतें तें आतां सांगतां येईल. शब्द कोठें उलटला तें पाहणें; पाटीवर टांगलेलें वचन मूळ ठिकाणीं नेऊन त्याचा अर्थ काय होता तें पाहणें; शोभेचें झाड व पाहिलेलें झाड यांतील भेद सांगणें; आणि ज्यांची साक्ष कागदावर चढली नाहीं त्यांची ती टिपून घेणें. हीं सारीं कामें साहित्याच्या अभ्यासकास कधींचीच येतात. नवें शिकण्याची गरज नाहीं, फक्त तीं आजच्या प्रश्नास लावण्याची गरज आहे. आणि यासाठीं पुण्यासारखें स्थळ नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून येथें आहे. पेशवे दप्तर येथें आहे. वनस्पतिशास्त्राच्या संस्थाही येथेंच, टेकडीच्या पायथ्याशीं आहेत. मोडी वाचणारा आणि गवत ओळखणारा असे दोघे एका मेजाशीं बसले तर त्या दप्तरांतील कुरणांच्या उल्लेखांवरून पुणें प्रांताच्या माळांचा इतिहास लिहितां येईल. पदवीसाठीं विषय शोधणाऱ्या मराठीच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांस आम्ही हें काम सुचवितों. त्यांच्या हातीं लागलेल्या एका जुन्या कागदानें एखादा माळ वांचूं शकेल.

आमच्या घरापुरतें आम्हीं एवढें ठरविलें आहे. यंदा आर्द्रांनंतरच्या रविवारीं मुलांना टेकडीवर न्यावयाचें, पण रोप न्यावयाचें नाहीं. आश्विनांत गवतास तुरे आले म्हणजे पुन्हा न्यावयाचें, आणि कुसळी कोणती, पवन्या कोणतें, मारवेल कोणतें हें एखाद्या जाणत्या गुराख्यास विचारून त्यांना शिकवावयाचें. खरें सांगावयाचें तर हीं नांवें आम्हांसच धड ठाऊक नाहींत. तेव्हां पहिला धडा आमचाच असेल.